माझ्यामागं म्हणा

बाळांनो,

गेल्या रविवारी तुम्ही दोघांनी मला फोनवर एक फोटो दाखवलात. मोठं सभागृह, खुर्च्यांच्या रांगा, आणि तुम्ही चौघं उजवा हात वर करून उभे. धाकट्याच्या दुसऱ्या हातात कागदी झेंडा होता, तोही उलटा धरलेला. "आजी, आम्ही इथले नागरिक झालो, शपथ घेतली," तो म्हणाला. "एक बाई पुढे बोलत होत्या आणि सगळे त्यांच्यामागे म्हणत होते." मग थोरलीनं विचारलं, "तुमच्याकडे घेतात का अशी शपथ?" मला काही बोलताच येईना. तुम्हाला वाटलं, नेट गेलं. "आजी अडकली," म्हणून तुम्ही हसलात आणि फोन बंद झाला.

नेट गेलं नव्हतं. मला आपल्या गावच्या विहारातली एक संध्याकाळ आठवली होती आणि ती फोनवर सांगण्यासारखी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीच गावाहून तुमच्या काकाचा फोन आला. "काकी, निवडणुका लागल्यात. भाऊ परत वस्तीत मतं मागाया येनार म्हनतोय." तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. भाजी निवडायला घेते आणि अर्धी टाकून उठते. खिडकी उघडते, पुन्हा लावते. म्हणून शेवटी लिहायला बसले. जन्मभर मी इंग्रजी शिकवलं, पण हे मराठीतच लिहायला हवं. यातली माणसं इंग्रजीत बोलायला लागली तर ती ती राहणार नाहीत. तुम्हाला वाचायला वेळ लागेल. लागू दे.

आधी माणसं सांगते. तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ, त्यांना सगळी वस्ती आबा म्हणायची आणि मीही आबाच म्हणत असे. ते रेल्वेत गँगमन होते. घाटातले रूळ पायी चालत तपासायचे, ढिली झालेली चावी हातोड्यानं ठोकून बसवायची, हे त्यांचं काम. त्यांची बायको म्हणजे माझी थोरली जाऊ, आक्का. ती मला अजून "धाकटे" अशीच हाक मारते. त्यांचा मुलगा हा तुमचा काका. तो उर्से टोलनाक्यावर नोकरीला आहे. आपलं गाव कामशेतपासून आत, वडिवळ्याच्या धरणाच्या अलीकडे. मी इथे लोणावळ्यात. मनात आलं की लोकलनं कामशेत आणि तिथून जीपनं गाव, असं माझं जाणंयेणं असतं.

आपण बौद्ध. आबा लहान असताना त्यांच्या आईवडिलांनी धम्म घेतला. गावात आपली वस्ती एका अंगाला, डोंगराच्या उतारावर आहे, आणि गावठाण दुसऱ्या अंगाला. जमिनी बहुतेक गावठाणातल्या घरांच्या. आता दोन्हीकडची मुलं एकाच कंपनीच्या बसमध्ये बसतात, एकमेकांच्या लग्नात जेवतात. तरी अंगं दोन आहेत ती दोनच.

वस्तीच्या मागून एक पाणंद ओढ्यावर उतरते. पाणंद म्हणजे दोन शेतांमधली, बैलगाडी जाईल एवढी वाट. ओढ्याच्या काठी आपली मसणवट आहे. काही वर्षांपूर्वी त्या उतारावरच्या जमिनी विकल्या गेल्या आणि तिथे बंगल्यांची स्कीम झाली. पाणंद कुणी विकली नव्हती, पण ती भिंतीच्या आत गेली. वर लोखंडी गेट आलं, गेटवर वॉचमन आला. तेव्हापासून वस्तीतलं कुणी गेलं की टेंपो मागवायचा आणि डांबरी रस्त्यानं, गावठाणातून, पुलावरून वळसा घालून ओढ्याच्या पलीकडून मसणवट गाठायची, असं सुरू झालं. टेंपोला ताडपत्री लावलेली असे आणि तो गावठाणातून भरधाव जाई. आपल्या वस्तीची तिरडी गावठाणातून खांद्यावर कधी गेली नव्हती. न्यायची नाही असंही कुणी म्हणत नव्हतं. गेली नव्हती, एवढंच.

आबांना त्या टेंपोचा भयंकर राग. "म्या रुळावर पायी चालून जलम काढला," ते म्हणायचे. "शेवटाला मला सिमिटाच्या पोत्यावानी टेंपोत घालू नका. पानंदीनं न्या." हे ते पूर्वी गमतीनं म्हणत. पण त्या वर्षी त्यांच्या हृदयाचं दुखणं वाढलं. दोन पावलं टाकली की दम लागे, पाय सुजत. डॉक्टरनं मुलाला बाजूला घेऊन काय ते सांगितलं होतं. त्यानंतर पाणंदीचं बोलणं निघालं की घरात कुणी हसत नसे.

त्याच उन्हाळ्यात लोकसभेची निवडणूक आली.

भाऊ म्हणतात तो गावठाणातल्या मोठ्या घरचा. एका पक्षाचं काम करतो. लोणावळ्याच्या शाळेत तो माझा विद्यार्थी होता. व्याकरणात कच्चा, भाषणात पहिला नंबर. भर दुपारी तो माझ्या दारात आला. हातात पळसाच्या पानांचा मोठा द्रोण, द्रोणात करवंदं.

"बाई, उन्हाचा आलोय. आधी पाणी द्या, छडी नंतर मारा."

"बस. कुणाच्या प्रचाराला निघालास?"

"माहीत असून विचारताय." पाणी पिऊन त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "या टायमाला लय अटीतटीचं आहे, बाई. म्हणून आलो. ते गेटचं मी बोललोय. स्कीमचा शेठ आपल्याच पक्षाचा आहे. मतदानाच्या आधी गेट काढून टाकतो म्हणाला. पाणंद मोकळी. आबांची इच्छा मला माहीत नाही का? त्यांच्या खांद्यावर बसून जत्रा बघितलीय मी."

"आणि बदल्यात?"

"बदल्यात कसलं घेऊन बसलात! वस्तीनं फक्त शब्द द्यायचा."

आता हे तुम्हाला नीट सांगायला हवं. आपल्याकडे शब्द म्हणजे पुस्तकातला शब्द, आणि शब्द म्हणजे वचनही. पण निवडणुकीत नुसत्या वचनावर कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून बेलभंडारा उचलतात. देवळात ताम्हणात भंडारा, म्हणजे हळद, आणि वर बेलाचं पान ठेवायचं. घराघरातल्या कर्त्या माणसानं ते हातात घेऊन अमक्यालाच मत देऊ असं म्हणायचं. शब्द मोडला तर देव घर धुऊन नेतो, अशी भीती. मशीनपाशी पडदा असतो, आत काय केलं ते कुणाला दिसत नाही. पण देवाला दिसतं. पडद्याच्या आत हात घालायला माणसांनी शोधलेली ही युक्ती.

"आपली वस्ती भंडारा उचलत नाही, हे तुला ठाऊक आहे," मी म्हणाले.

"ठाऊक आहे की. त्याची व्यवस्था मी केलीय." तो उठला. "तुम्ही फक्त शनिवारी या. तुमचा शब्द वस्तीत चालतो, बाई."

व्यवस्था काय, ते त्यानं सांगितलं नाही.

तो गेला आणि माझं घरात लक्ष लागेना. मत मागावं, पण त्याची शपथ मागू नये, हे मला कळत होतं. तक्रार करायची सोय असते, तीही माहीत होती. फोन हातात घेतला. तक्रार केली की भाऊ अडचणीत येणार, गेट कायमचं बंद राहणार, आणि आबांकडे थांबायला वेळ नाही. फोन खाली ठेवला. पुन्हा घेतला. शेवटी पायात चप्पल घालून बाजारात गेले. चिक्कीच्या दुकानापाशी मुंबईच्या गाडीतल्या एका मुलानं काच खाली केली. "आंटी, भुशी डॅम किधर है? वॉटरफॉल चालू है ना?" मी म्हणाले, अभी सूखा है, जुलै में आओ. तो आपल्या माणसांकडे वळून म्हणाला, "फिर छुट्टी किस लिए ली?" त्याला थांबवून विचारावंसं वाटलं, तुझं मत कुठे आहे रे बाबा, आणि त्याची शपथ तुझ्याकडे कुणी मागतं का? पण गाडी गेली.

शनिवारी मी सकाळच्या लोकलनं निघाले. तुमच्या काकानं सुटी काढली होती. मी घरात पाऊल ठेवलं तेव्हा आई आणि मुलगा भांडतच होते.

"काकी, तुमीच सांगा," तो म्हणाला. "यात इचार करन्यासारखं काय हाय? आमच्या नाक्यावर दांडी उचलली की गाडी सुटती. हितं हात उचलला की पानंद सुटंल. मग आत जाऊन कुनाचंबी बटन दाबा. कोन बघतंय?"

"म्हंजी खोटी शपत घ्यायची," आक्का म्हणाली.

"आगं, खोटी शपत त्यांना बाधती. त्यांचा देव हाय मागं. आपल्याला कोन बाधनार हाय?"

"बाधत न्हाई म्हनून खोटं बोलायचं व्हय रं? मग देव सोडून मिळवलं काय?"

बाहेर जांभळाच्या सावलीत बाजेवर आबा पडले होते. उशा रचून त्यांना निम्मं बसतं केलं होतं. तिथूनच ते ओरडले. ओरडले म्हणजे पुटपुटलेच, पण घर शांत झालं. "उगा भांडू नका. हात उचलायचा तर उचला. मला पानंद पायजेल."

आक्कानं त्यांच्यासमोर चहाची कपबशी अशी आपटली की चहा बशीत आला. मग ती मागच्या अंगणात गेली आणि मी तिच्यामागे. ती धुण्याच्या दगडावर बसली. "धाकटे, तू शिकलेली. तूच सांग. म्या न्हाई म्हनले आन उद्या ह्यो मानूस टेंपोत गेला, तर मी कुनाला तोंड दाखवू? आन व्हय म्हनले तर सासूला वर जाऊन काय सांगू? तिनं देव पान्यात सोडलं ते ह्याच्यासाठी?"

खरं सांगते, माझं मन हात उचलण्याकडेच झुकत होतं. आबांचा श्वास ऐकला की तत्त्वं लांब जातात. मी सुपातले तांदूळ निवडायला घेतले. तांदूळ आधीच निवडलेले होते.

ऊन उतरल्यावर सगळे विहारात जमले. आपलं विहार लहान आहे, वर पत्रे, समोर बुद्धाची मूर्ती, एका कपाटात पुस्तकं. आबांना खुर्चीत बसवून दोघांनी उचलून आणलं. भाऊ आला, बरोबर दोन माणसं. चपला बाहेर काढून, मूर्तीपुढे मान लववून तो पुढे झाला. दोन्ही हातांत पितळी ताट होतं, त्यावर रेशमी वस्त्र.

तेव्हा जिकडेतिकडे संविधानाचंच बोलणं होतं. एक म्हणे धोक्यात आहे, वाचवा. दुसरा म्हणे आम्हीच वाचवणारे. वस्तीतल्या पोरीसुद्धा त्यावर तावातावानं बोलत. भाऊनं त्यातूनच ही व्यवस्था काढली होती. त्यानं वस्त्र बाजूला केलं. ताटात संविधानाचं जाडजूड मराठी पुस्तक होतं, कोरं, पांढऱ्या वेष्टनाचं. आणि त्या पांढऱ्या वेष्टनावर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली. शेजारी सुपारी, वर झेंडूचं फूल.

सगळे माना उंचावून ताटात बघू लागले. मग मागून एका म्हातारीचा आवाज आला, "आगं बया! पुस्तकाला सवाष्ण केली की!"

विहार हसण्यानं दणाणून गेलं. भाऊला काय झालं ते कळेना. ताटाकडे नजर जाताच त्याचे कान लाल झाले. "आईनं लावलं," तो म्हणाला. "निघताना म्हणली, नवी वस्तू अशी बोडकी नेऊ नये. माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

एक पोरगा उठला. "ह्यो अपमान हाय!" त्याला त्याच्या आईनं शर्ट धरून खाली बसवलं. "गप. त्याच्या आईनं मान दिला तिच्या परीनं." आबा तर खोकला येईपर्यंत हसत होते. "तुज्या आईला म्हनावं, हळद घरची हाय. वास सुटलाय."

"तुमचं देवाचं चालत न्हाई," भाऊ सावरून म्हणाला, "म्हणून तुमचं पुस्तक आणलं."

पुढे बसलेली एक मुलगी, कामशेतच्या दवाखान्यात नर्स आहे ती, मान वर करून म्हणाली, "आमचं? तुमचं न्हाई व्हय ते, भाऊ?"

"सगळ्यांचंच आहे... म्हणजे..." भाऊनं माझ्याकडे बघितलं. वर्गात उत्तर अडलं की बघायचा तसंच. "बाई, तुम्ही बोला की."

मी उभी राहिले. माझ्यासमोर आक्काचं तोंड होतं, आणि तिच्या शेजारी आबांचे सुजलेले पाय. मी काय बोलणार होते ते मला अजून माहीत नाही, कारण आबांनी हात वर केला. "बाईला बसू दे. पानंद माजी हाय. म्याच आदी."

भाऊला हायसं वाटलं. तो ताट घेऊन खुर्चीपाशी वाकला. "पुस्तकावर हात ठेवा, आबा. आणि माझ्यामागं म्हणा."

आबांनी हात ठेवला. तळहाताखाली हळद.

"मी शपथ घेतो की..."

"मी शपत घेतो की..."

"येत्या मतदानाला..."

"येत्या मतदानाला..."

"आमच्या वस्तीचं एकूणएक मत..."

आबा थांबले. आम्हाला वाटलं, दम लागला. आक्का पाण्याचा तांब्या घेऊन उठली. त्यांनी तिला हातानंच थांबवलं. हात मात्र पुस्तकावरून काढला नाही.

"मागं म्हननं म्या एकदाच केलंय," ते म्हणाले. मध्ये मध्ये थांबत, पण स्पष्ट. "धम्म घेतला तवा. बापाच्या खांद्यावर बसलोतो. लई मानसं. पुढं एक जन सांगायचा, आन समदी त्याच्यामागं म्हनायची. आमचा बाप ढसाढसा रडत हुता आन म्हनत हुता. घरी येताना म्या इचारलं, काय रं म्हनलो आपुन? बाप म्हनला, पुन्यांदा कुनाच्या मागं म्हनायला लागू नये, म्हनून म्हनलो." भाऊकडे बघून ते हसले. "आन तू मला म्हनतो, माज्यामागं म्हन."

"आबा, पाणंद..."

"पानंद मला पायजेलच हाय. म्हनून तर हात काढला न्हाई." मग वस्तीकडे मान वळवून म्हणाले, "आता शपत निम्मी झालीया. अर्दी सोडता येत न्हाई. येत्या मतदानाला म्या कुनाला मत दिलं, ते कुनाला सांगनार न्हाई. आन दुसऱ्याला इचारनार न्हाई. बास. ज्याला घ्यायची त्यानं घ्या. मागं म्हनू नका, आपली आपली घ्या."

पहिल्यांदा आक्का उठली. तिनं पुस्तकावर हात ठेवला, स्वतःच्या शब्दांत काहीतरी पुटपुटली. मग ती मस्करी करणारी म्हातारी. मग ती नर्स मुलगी, मग तो चिडलेला पोरगा. मीही ठेवला. तुमचा काका सगळ्यात शेवटी उठला, रागानं ओठ आवळून, पण उठला. भाऊला जाता येईना, कारण ताट त्याच्याच हातात होतं. एकेक हात येत गेला आणि तो तसाच वाकून उभा राहिला.

शेवटी तो म्हणाला, "मग गेटचं माझ्या हातात राहिलं न्हाई, आबा."

"तुज्या हातात कवा हुतं?"

तो वळला तेव्हा म्हातारी ओरडली, "आरं, पुस्तक ठिवून जा! आमचं हाय म्हनलास न्हवं?" त्यानं पुस्तक ठेवलं. ताट आणि सुपारी घेऊन गेला.

घरी आल्यावर तुमचा काका बापाशी बोलेना. जेवतानाच एकदम म्हणाला, "आपल्याच वाटंत भिंत घातलीत तुमी."

"भिंत आदीच हुती," आबा म्हणाले आणि भात कालवू लागले.

मतदानाच्या दिवशी मी इथे मत दिलं आणि दुपारी गावी गेले. मतदानाच्या सुटीला लोणावळ्याकडे निघालेल्या गाड्यांची रीघ लागली होती, जीपला कामशेतला हायवेच ओलांडता येईना. आबांना मुलानं मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागून दुसऱ्यानं धरून शाळेत नेलं होतं. बाजेवर बसून ते बोटाची शाई बघत होते. "कुणाला दिलंत?" मी सवयीनं विचारून गेले. त्यांनी शाईचं बोट ओठांवर ठेवलं. आक्का आतून म्हणाली, "मलाबी सांगत न्हाईत. माज्याच नवऱ्याचं मत मला ठावं न्हाई!" पण ते सांगताना ती खूश होती.

निकाल काय लागला, ते तुम्ही शोधून काढू शकाल. आपल्या गेटला त्यानं फरक पडला नाही. ते बंदच राहिलं.

भात निसवलं होतं, लोंब्या बाहेर येऊन खाचरं पोपटी झाली होती, तेव्हा आबा गेले. मी पोचले तेव्हा रिमझिम चालू होती. तुमचा काका गेटवर जाऊन आला होता. वॉचमन परमुलखातला, गरीब माणूस. हात जोडून म्हणाला, "साहब का फोन नहीं लगता. खोलूँगा तो नौकरी जाएगी." शेजाऱ्यांनी टेंपो बोलावला होता. तो कोपऱ्यावर ताडपत्री लावून उभा होता. काका भिंतीला टेकून रडत होता. "माफ करा आबा, माफ करा," एवढंच.

आक्का दारात आली. "टेंपो माघारी लाव," ती म्हणाली. "खांद्यावर न्यायचं."

"आक्का, पानंद बंद हाय," कुणीतरी म्हणालं.

"पानंद बंद हाय. गाव उघडं हाय न्हवं?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग काका पुढे झाला आणि त्यानं खांदा दिला.

आम्ही बायकाही मागून चाललो. डांबरी रस्ता संपून गावठाणाची गल्ली सुरू झाली तसा चालणाऱ्यांचा आवाज कमी झाला. फक्त पावलं आणि पागोळ्या. आता कोण पुढे येईल, काय म्हणेल, आपला कुठला पोरगा काय उत्तर देईल. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, मराठीत, मग इंग्रजीत, मग पुन्हा मराठीत. देवळासमोरच्या पारावर चारपाच माणसं बसलेली होती. ती बघत राहिली. गल्ली तिथे अरुंद होते, आणि नेमकी मधोमध कुणाचीतरी मोटारसायकल लावलेली. तिरडी थांबली.

पारावरचा एक म्हातारा उठला. काठी बाजूला ठेवली, आणि दोन्ही हातांनी मोटारसायकल ओढून भिंतीला लावली. परत जाऊन बसला.

तिरडी पुढे गेली.

भाऊच्या घरावरून जाताना तो ओट्यावरून उतरला. पावसात, अनवाणी. तो आमच्यामागे चालू लागला. त्याची आई दारात उभी होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि हात जोडले. पुलापाशी भाऊ माझ्या बरोबरीला आला. "बाई, गेटचं मी खरंच बोललो होतो."

"माहीत आहे."

"शपथ, बाई," तो म्हणाला, आणि शब्द तोंडातून निघताच ओशाळला. मला रडता रडता हसू आलं. तो पुलावरून परत फिरला नाही. ओढ्यापर्यंत आला.

तेव्हापासून वस्तीतलं कुणी गेलं की तिरडी गावठाणातूनच जाते, खांद्यावर. टेंपो कुणी बोलावत नाही. काकानं तहसील कचेरीत पाणंदीच्या वहिवाटीसाठी अर्ज केला आहे. तारखा पडताहेत. गेट तसंच आहे, वॉचमन बदलला. आणि आता पुन्हा निवडणूक, पुन्हा भाऊ. काल त्याचाही फोन आला होता. "बाई, या टायमाला पुस्तक आणू का नको?" मी विचारलं, "आईनं काय सांगितलं?" तो हसला, पण येणार नाही असं म्हणाला नाही. या वेळी आबा नाहीत. कुणाच्या घरात कुणाची गरज असेल आणि ती कुणी हेरून ठेवली असेल, सांगता येत नाही. म्हणून माझी ही घालमेल. उद्या सकाळच्या लोकलनं मी गावी निघाले आहे.

तुम्ही विचारलंत, तुमच्याकडे शपथ घेतात का. घेतात. ते पुस्तक विहाराच्या कपाटात आहे. मुली ते परीक्षेसाठी काढून वाचतात. वेष्टनावरचा हळदीचा डाग गेलेला नाही, आक्का पुसू देत नाही. आणि त्या निवडणुकीत वस्तीतल्या कुणी कुणाला मत दिलं, हे आजपर्यंत कुणी कुणाला सांगितलेलं नाही.